गुऱ्हाळाचें अपुरें चित्र



या शाळेच्या भिंतींवर आज जीं चित्रें लावलीं आहेत त्यांतील बहुतेकांविषयीं बोलणारे पुष्कळ निघतील. शिवछत्रपतींचें चित्र आहे, त्यापुढें सकाळपासून गर्दी आहे. पंचगंगेच्या घाटाचें आहे, मोराचें आहे, हातांत कमळ घेतलेल्या बाईचें आहे. दारामागच्या कोपऱ्यांत मात्र एक कागद चार टांचण्यांनीं टोचलेला होता व त्याखालीं चिठ्ठी होती : ‘अपुरें’. मंडळी येत, चिठ्ठी वाचीत आणि पुढें जात. आम्हांस बोलण्याची आज्ञा झाली तेव्हां आम्हीं चालकांस इतकीच विनंति केली कीं, तो कागद दारामागून काढून उजेडांत आणावा. त्यांनीं ती मानली. तो आतां तुमच्यापुढें आहे. मागच्या मंडळींनीं जरा जवळ यावें. हें चित्र लांबून पाहण्याचें नव्हे. बायांनींही पुढें यावें. चित्रांत एक बाई आहे व तिच्याविषयीं आम्हांस कांहीं बोलावयाचें आहे.

चित्र काढणारा तरुण करवीर तालुक्यांतील एका सुताराच्या घरचा आहे. त्याचें नांव आम्ही मुद्दाम घेत नाहीं. तो तेथें मागें खांबाला टेकून उभा आहे, आणि नांव घेतलें तर उठून बाहेर जाईल. त्याच्यापाशीं रंगांची पेटी बारा कांड्यांची. तींतील दोन कांड्या झिजून बोटभर राहिल्या आहेत, एक तपकिरी व एक निळी. त्या दोनच कां झिजल्या तें पुढें सांगतों. बापाची चपटी पेन्सिल, जी सुतार कानावर ठेवतात व जी चपटी असल्यामुळें फळीवरून घरंगळत नाहीं, तीही त्यानें वापरली आहे. छपराची मेढ पाहा, त्याच पेन्सिलीची आहे. एका रेघेंत ओळंब्यांत उभी. बाकी सर्व चित्र हललें तरी ती मेढ हलावयाची नाहीं. सुताराच्या पोराचें चित्र आहे हें सांगावयास नकोच.

चित्र गुऱ्हाळाचें आहे. तुम्हां करवीरकरांना गुऱ्हाळ समजावून सांगणें म्हणजे माशाला पोहणें शिकविणें होय. परंतु हें भाषण छापलें जाईल व जेथें उंसाचें कांडें दिसत नाहीं अशा गांवींही वाचलें जाईल, म्हणून थोडक्यांत सांगतों. चरकांत ऊंस घालून रस काढतात. पूर्वीं चरक बैल ओढीत, आतां विजेची मोटर ओढते. तो रस काहिलींत पडतो. काहील म्हणजे लोखंडाची पसरट कढई, माणूस आडवा निजला तरी मावेल एवढी. तिच्याखालीं चुलाण. चुलाणाचें तोंड जमिनीखालीं, खड्ड्यांत. त्या खड्ड्यांत बसून चुलव्या वाळलेलीं चिपाडें आंत सारतो. उंसाचा रस काढून उरलेल्या चोथ्यानेंच रसाला जाळ घालावयाचा. वर काहिलीच्या कांठावर गुळव्या उभा. तो भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणतो, ती काढून टाकतो, पाकाचा रंग पाहतो, बुडबुडे पाहतो, थेंब पाण्यांत टाकून त्याची गोळी वळते का पाहतो. ती वळली कीं क्षणाचा उशीर चालत नाहीं. काहील कलवून पाक वाफ्यांत ओततात, फावड्यांनीं घोटतात, आणि निवत आला कीं फडकें घातलेल्या बादल्यांत भरतात. निवाला कीं ढेप झाली.

आतां या कामांत एक गोष्ट अशी आहे कीं ती गुऱ्हाळावर जन्म काढणाऱ्यांच्याही लक्षांत सहसा येत नाहीं, कारण ती रोजचीच आहे. चुलव्याला काहील दिसत नाहीं, आणि गुळव्याला जाळ दिसत नाहीं. चुलव्या खालीं, त्याच्यापुढें भिंत व आग. गुळव्या वर, त्याच्यापुढें उकळता रस व वाफ. एकाच्या डोळ्यांवर दुसऱ्याचे हात चालावयाचे. जाळ दोन मुठी जास्त गेला तर पाक करपला, गूळ काळा पडला, आणि पेठेंत भाव उतरला. कमी गेला तर पाक कच्चा, ढेप पावसाळ्यांत पाझरली. शेतकऱ्याचें बारा-चौदा महिन्यांचें पीक या दोन माणसांच्या मधल्या हांकेवर टांगलेलें असतें. "आवर रं जाळ!" असें वरून ओरडतात आणि "आवरला, मामा!" असें खालून उत्तर येतें. आवाज पोहोंचला नाहीं तर काय होतें तें तुम्हांपैकीं कित्येकांनीं पदरमोड करून पाहिलें आहे.

हें लक्षांत ठेवून आतां कागदाकडे पाहा. गुळव्याचें डोकें म्हणजे नुसता गोल आहे. नाक नाहीं, डोळे नाहींत, मुंडासें नाहीं. पण त्याची मान पाहा : ती काहिलीकडे नसून खालीं खड्ड्याकडे वळलेली आहे, आणि तोंडाच्या जागीं दोन लहान रेघा, उघडलेल्या तोंडाच्या. आतां खालीं या. चुलव्याचाही चेहरा नाहीं, पण कान आहे. पूर्ण कान आहे, त्याच्या पाळीसकट, आगीच्या बाजूनें तांबडा व मागच्या बाजूनें निळसर. आणि त्याच्या हातांतला चिपाडांचा पेंढा चुलाणाच्या तोंडाशीं अर्ध्या वाटेंत थांबलेला आहे. तो आंत चाललेला नाहीं हें कशावरून? कोपर पाहा. आंत सारतांना कोपर सरळ होतें व खांदा पुढें येतो. येथें कोपर वांकलेलें आहे, खांदा मागें आहे, आणि मनगट वर उचललेलें आहे. हात थांबला आहे. हांक आली, ती कानांत शिरली, आणि हात थांबला. एवढेंच या चित्रांत घडतें. चेहरा एकालाही नाहीं, पण दोन माणसें एकमेकांशीं बोलत आहेत आणि त्या बोलण्यावर काहीलभर गूळ अवलंबून आहे, हें आपल्याला दिसतें.

हें कसें साधलें? तो मुलगा कामाकडे नीट पाहत बसला म्हणून. त्यानें पहिल्यानें जें काढलें तें त्याला पहिल्यानें महत्त्वाचें वाटलें. पुरें झालेलें चित्र हें झाकून टाकतें. गिलावा झाल्यावर भिंतींत कोणता दगड आधीं बसविला तें कळत नाहीं. अपुऱ्या चित्रांत तें कळतें. येथें आधीं मेढ आली, मग चुलाणाचें तोंड, मग हात, मग पाठीचा कणा, मग तो कान. चेहऱ्यांची पाळी यावयाची होती, ती आली नाहीं.

आतां त्या झिजलेल्या दोन कांड्या. खड्ड्यांतला अंधार पाहा. काळा रंग पेटींत होता, त्याला शिवलेलें दिसत नाहीं. अंधार त्यानें तपकिरीवर निळा, निळ्यावर पुन्हां तपकिरी असा थर देऊन केला आहे, आणि म्हणून तो अंधार ऊन आहे, तापलेला आहे, मातीचा आहे. काळा मारला असता तर भोंक पडल्यासारखें दिसलें असतें. उलट जाळाच्या मध्यभागीं पाहा, तेथें कांहींच नाहीं! नुसता कोरा कागद. त्याच्याभोंवतीं फिकट पिवळा, मग नारिंगी, मग तांबडा. रंगीत पेन्सिलींत रंगाबरोबर मेण असतें. एकदां कागदांत बसलें कीं तें रबरानें सबंध निघत नाहीं, नुसतें फांसलें जातें. पेटींतली पांढरी कांडी जाळ उजळीत नाहीं, मळवते. म्हणून उजेड जेथें हवा तेथें आधींपासून हात आवरावा लागतो. तासून काढलेलें लाकूड परत बसवितां येत नाहीं हें ज्या घरीं बाळकडूबरोबर शिकवितात, त्या घरच्या मुलाला हें वेगळें शिकवावें लागलें नसेल.

आमच्या कामकरी लोकांचीं चित्रें आजवर निघालीं नाहींत असें नाहीं. निघालीं, आणि पुष्कळ निघालीं. पण कशीं? मुंबईत विल्यम जॉन्सन नांवाच्या साहेबानें 1863 व 1866 सालीं दोन भागांत मुंबईच्या लोकांच्या जातवार तसबिरी छापल्या. माणसांच्या तसबिरी वेगळ्या घ्यावयाच्या, आणि मागें देखावा दुसरीकडचा आणून जोडावयाचा, असा त्यांतील पुष्कळ चित्रांचा प्रकार. पुढें 1868 पासून 1875 पर्यंत सरकारनें हिंदुस्थानच्या लोकांच्या तसबिरींचे आठ मोठे ग्रंथ काढले. त्यांपूर्वीं कंपनी सरकारच्या काळीं हातांनीं रंगविलेले संच साहेबलोक विकत घेत : एका पानावर कुंभार, एकावर तेली, एकावर न्हावी, शेजारीं त्याची बायको. या चित्रांत पागोट्याचा पीळ न् पीळ बरोबर असतो, लुगड्याचा कांठ बरोबर असतो, आणि कुंभाराच्या चाकावर बहुधा कांहीं घडत नसतें. माणूस हातांत हत्यार घेऊन उभा, जणूं कोणी सांगितलें आहे कीं हालूं नको. कारण पाहणाऱ्याला ‘हा कोण’ एवढेंच हवें होतें. ‘हा काय करतो, कसें करतो’ हें नको होतें. जात दाखवावयाची तर पागोटें आधीं काढावें लागतें. काम दाखवावयाचें तर कोपर आधीं काढावें लागतें. या आमच्या कागदावर एकाही डोक्यावर पागोटें नाहीं, म्हणून ज्यांना तो अपुरा वाटतो त्यांनीं याचा विचार करावा.

सर्व साहेब एका मापाचे होते असें मात्र म्हणूं नये. लॉकवुड किपलिंग म्हणून एक होते, 1865 ते 1875 मुंबईच्या कलाशाळेंत शिक्षक. 1870 सालीं सरकारनें त्यांना उत्तरेकडे कारागिरांचीं चित्रें काढावयास पाठविलें. तीं पेन्सिलीचीं चित्रें आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहेत. त्यांत लांकडावर नक्षी कोरणारा खरोखर कोरतो आहे. मुंबईस गेलेल्यांनीं क्रॉफर्ड मार्केट पाहिलें असेल, ज्याला आतां महात्मा जोतिबा फुले मंडई हें नांव आहे. तिच्या दरवाजांवरचीं दगडांत कोरलेलीं चित्रें याच किपलिंगांचीं. त्यांत कष्टकरी माणसें आहेत. पाटी डोक्यावर घेऊन आंत जाणारे आमचे लोक त्यांच्या खालून जातात, वर पाहत नाहींत. डोक्यावर पाटी असतांना वर पाहतां येत नाहीं, हेंही खरें.

आणि त्याच्याही आधीं, आमच्यांतलाच एक माणूस होता. पुण्यांत पेशवाईच्या अखेरीस, 1790 च्या दशकांत, गंगाराम चिंतामण तांबट नांवाचा चितारी होऊन गेला. तांबट हें नांवच घरचा धंदा सांगतें. इंग्रजांचा वकील मॅलेट यानें त्याला हाताशीं धरलें. गंगारामानें पेशव्यांच्या शिकारखान्यांतला गेंडा काढला, वेरूळचीं लेणीं काढलीं, तालमींतले पहिलवान काढले. त्याचीं चित्रें आज आमच्या देशांत नव्हे, अमेरिकेंत येल येथील संग्रहालयांत जपून ठेवलीं आहेत. ज्या आळींत तांब्याच्या पत्र्यावर ठोके पडतात त्या आळींतून असा हात निघाला, हें पुण्याच्या किती शाळांत मुलांना सांगतात? आणि कोल्हापुराला तर लांब जावयास नको. बाबूराव पेंटर (1890–1954) मिस्त्रींच्या घरचे. कोणत्या कलाशाळेंत गेले नव्हते. चित्रें काढलीं, पडदे रंगविले, बोलपटांच्या आधींच्या काळांत कॅमेरा स्वतः जुळवून चित्रपट काढले, आणि 1925 सालीं ‘सावकारी पाश’ काढून कर्जांत बुडालेला शेतकरी पडद्यावर उभा केला. तेव्हां सुताराच्या पोरानें पेन्सिल रंगविण्यासाठीं धरली तर घरच्यांनीं डोळे वटारूं नयेत. आमच्या घरांत ही नवी खोड नव्हे.

आतां हें चित्र अपुरें कां राहिलें तें ऐका. या मुलानें गुऱ्हाळावर जाऊन सकाळच्या कामाआधीं तास-दीड तास बसावें, असें चार दिवस केलें. पांचव्या दिवशीं तो गेला तों चुलाण थंड. त्या फडाचा ऊंस संपला होता, गुऱ्हाळ बंद झालें होतें, आणि माणसें दुसऱ्या कामाला पांगलीं होतीं. हल्लीं गुऱ्हाळें पूर्वींइतकीं राहिलीं नाहींत; ऊंस कारखान्याकडे जातो. पुढच्या हंगामांत तेंच गुऱ्हाळ लागेल कीं नाहीं हें मालकालाही ठाऊक नाहीं.

मग सल्ला देणारे भेटले. एक म्हणाला, घरीं बसून पुरें कर, चेहरे काय कोणाचेही घालतां येतात. दुसरा म्हणाला, परीक्षेंत कागद कोपऱ्यापर्यंत भरल्याशिवाय गुण देत नाहींत. तिसरी गोष्ट अधिक वजनाची आहे व ती आम्ही येथें उघड बोलतों, कारण त्या घरानें आम्हांस विचारलें आहे. पेठेंतील एका व्यापाऱ्याला हें चित्र गुळाच्या खोक्यावर छापावयास हवें आहे. पैसे बरे देतो. अट एवढीच कीं चेहरे हसरे करावे, डोक्यांवर तांबडे पटके घालावे, मागें हिरवा ऊंस डोलत असावा, आणि धूर तेवढा पुसून टाकावा.

आम्ही व्यापाऱ्याला दोष देत नाहीं. त्याला गूळ विकावयाचा आहे, आणि तो विकला गेला तरच उंसवाल्याच्या हातीं चार पैसे पडतात. सुताराच्या घरीं पैशांची गरज नाहीं असेंही नव्हे; फर्निचर शहरांतून तयार येऊं लागल्यापासून गांवच्या सुताराचें काय झालें आहे तें तुम्ही जाणतां. म्हणून आमचें उत्तर असें आहे. खोक्याचें काम घ्यावें. नवा कागद घ्यावा, त्यावर हसरा शेतकरी, तांबडा पटका, हिरवा ऊंस, जें काय सांगतील तें चोख काढून द्यावें, आणि दाम रोख घ्यावे. पाटाचें गिऱ्हाईक पाट मागतें, पाळण्याचें पाळणा मागतें. सुतार दोघांनाही नाहीं म्हणत नाहीं. पण या कागदाला हात लावूं नये. धूर पुसणें तर दूरच, तो पुसला तर चुलव्याच्या डोळ्यांवरची आडवी धरलेली बाही कां आहे तेंच कळेनासें होईल. ती बाही तुम्हीं पाहिलीत ना? तो उजव्या हातानें पेंढा धरून डाव्या बाहीनें डोळे झांकतो आहे. खोक्यावरचा चुलव्या हसरा झाला कीं त्याला बाहीची गरज उरत नाहीं.

आणि चेहऱ्यांविषयीं. जे चेहरे पाहून काढले नाहींत ते न काढलेले बरे. त्या गुळव्याला आम्ही ओळखतों. पन्नाशी उलटली आहे, वाफेनें भुवया विरळ झाल्या आहेत. त्याच्या जागीं कोणाही तरण्या पोराचा चेहरा बसविला तर तो माणूस त्याच्या स्वतःच्याच चित्रांतून हांकलला जाईल. कोरा गोल राहिला तर निदान जागा त्याची राहील.

अपुरें चित्र भिंतीवर लावूं नये असें ज्यांना वाटतें त्यांच्यासाठीं दोन गोष्टी सांगतों, परमुलुखांतल्या आहेत. फ्रान्स देशांत मिले नांवाचा चितारी होता, जन्म 1814, शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः नांगर धरलेला. कापणी झालेल्या रानांत सरवा वेचणाऱ्या तीन बाया त्यानें 1857 सालीं काढल्या, तेव्हां पॅरिसच्या बड्या लोकांना त्या वांकलेल्या पाठींची भीति वाटली. तो 1875 सालीं वारला तेव्हां त्याच्याकडे एक चित्र अर्धवट राहिलें होतें : हिवाळ्यांत रानांतून सरपणाच्या मोळ्या वाहून आणणाऱ्या बाया. तें तसेंच अर्धवट आज वेल्समध्यें कार्डिफच्या संग्रहालयांत लावलें आहे. कोणी त्यावर रंग चढवून तें पुरें केलें नाहीं. दुसरा जर्मन, मेन्झेल. त्यानें 1872 ते 1875 या काळांत लोखंडाच्या कारखान्याचें मोठें चित्र काढलें. त्याआधीं तो कोनिग्झ्‌ह्यूट या गांवीं, जें आतां पोलंडांत आहे, भट्टीपाशीं जाऊन बसला आणि शंभरावर टिपणें काढलीं, तींही बहुतेक सुताराच्या पेन्सिलीनें. कुठें नुसता सांडशी धरलेला हात, कुठें नुसती वांकलेली पाठ. मोठ्या चित्रांत एकीकडे तापलेलें लोखंड ओढताहेत, एका कोपऱ्यांत कामकरी घरून आलेलें जेवताहेत, दुसऱ्या बाजूला पाळी संपलेले अंग धूत आहेत. ज्यानें भट्टीपाशीं तास घालविले त्यालाच कळतें कीं जेवण हेंही कारखान्याच्या चित्रांत यावें लागतें.

इतकें गुणगान झाल्यावर दोषही सांगितला पाहिजे, नाहींतर तो मुलगा आम्हांस भाट समजेल. चरकापाशीं उभ्या पोराचे पाय जमिनीवर टेकलेले नाहींत. तो तरंगतो आहे. वाफ्यावर घोटणाऱ्या दोघांचीं फावडीं एकाच लांबीचीं आहेत, पण एक जवळ आहे व एक दूर. हें सरावानें जाईल.

न जाणारा दोष दुसरा आहे. कागदाच्या उजव्या कडेला पाहा. एक बाई आहे असें निरखून पाहिलें तरच कळतें. फिकट तपकिरीची एक रेघ डोक्यापासून टांचेपर्यंत, डोक्यावर चिपाडांचा भारा, संपलें. हात नाहींत. पायांखालीं जमीन नाहीं. रंग नाहीं. आम्हीं मुलाला विचारलें, हिची पाळी कां आली नाहीं? तो म्हणाला, ती एका जागीं उभी राहत नव्हती.

बरोबर आहे, ती उभी राहत नाहीं. चरकांतून निघालेलें ओलें चिपाड उचलावयाचें, रानांत नेऊन उन्हांत पसरावयाचें, उलटावयाचें, वाळलें कीं गोळा करून चुलाणापाशीं आणून टाकावयाचें. चुलव्या बसलेला असतो, गुळव्या उभा असतो, ही दिवसभर चालते. तिनें दोन खेपा चुकविल्या तर चुलव्याचा हात आपोआप थांबतो, गुळव्यानें हांक न मारतां! तरी मजुरी वांटतांना तिला गुळव्याच्या रांगेंत कोणी बसवीत नाहीं, आणि चित्रांतही ती कडेलाच राहिली. वर आम्हीं म्हटलें कीं अपुऱ्या चित्रांत काढणाऱ्याला पहिल्यानें काय महत्त्वाचें वाटलें तें दिसतें. तोच न्याय येथेंही लागतो. हा कोरेपणा आणि जाळाच्या मध्यावरचा कोरेपणा एक नव्हेत. तेथें त्यानें पाहून हात आवरला. येथें त्यानें पाहिलें नाहीं. पहिल्याचें कौतुक करून दुसऱ्यावर पांघरूण घालणें आम्हांस जमणार नाहीं. समोर बसलेल्या बायांनीं तर मुळींच घालूं देऊं नये.

चालणारें माणूस काढतां येत नाहीं असें नाहीं. ती दर खेपेला त्याच वाटेनें येते, त्याच जागीं वांकते, भारा त्याच हातानें सांवरते. पहिल्या खेपेस वांकलेली पाठ काढावी, दुसऱ्या खेपेस हात, तिसऱ्या खेपेस पाय. दहा खेपांत बाई उभी राहते. फक्त तितका वेळ तिच्या वाटेवर बसावें लागतें, चुलाणापाशीं नव्हे.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगून आम्ही बसतों. या कागदाच्या मागें अजून कांहीं लिहिलेलें नाहीं. तेथें आजच तारीख घालावी, गांवाचें नांव घालावें, आणि चित्रांतल्या माणसांचीं नांवें घालावीं. गुळव्याचें व चुलव्याचें नांव सर्वांना ठाऊक आहे. वाफ्यावरच्या दोघांचीं मालकाला ठाऊक असतील. त्या बाईचें नांव आम्हीं चौघांना विचारलें, तिघांनीं "अमक्याची बायको" असें सांगितलें व एकाला नवऱ्याचेंही आठवेना. तें विचारून आणावें, तिचें स्वतःचें.

कागद गुंडाळूं नये, मेण तडकतें व रंग घासला जातो. दोन फळ्यांमध्यें सपाट ठेवावा, मध्यें पातळ कागद घालावा, पावसाळ्यांत भिंतीला लागून ठेवूं नये. फळ्या या घरीं विकत आणाव्या लागणार नाहींत. नव्या पेटीची तजवीज चालकांनीं केली आहे. तींत तपकिरी व निळ्या कांड्या दोन-दोन जास्त घालावयास आम्हीं सांगितलें आहे. दिवाळीनंतर तें गुऱ्हाळ लागलें तर मालकाची परवानगी आम्ही स्वतः विचारून ठेवूं. तें न लागलें तर पलीकडच्या गांवचें पाहूं. मुलाच्या वडिलांना मात्र आमचें एक मागणें आहे कीं, त्या आठवड्यांत त्याला सकाळच्या कामांतून मोकळा सोडावा. चार दिवस नव्हे, आठ दिवस, आणि पहिले दोन दिवस त्यानें चिपाडाच्या वाटेवर बसावें.